दाखला देण्याआधी

शहरातल्या एका गरीब वस्तीला लागून असलेल्या कॅथलिक मिशन शाळेत सहावीला शिकवणाऱ्या वर्गशिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांचं नाव आणि गाव इथे देत नाही. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

“ताई, या शाळेतलं माझं हे दुसरं वर्ष. वर्गात ४२ मुलं आहेत, बहुतेकांचे आईवडील रोजंदारीवर जाणारे. त्यांतला एक मुलगा, बारा वर्षांचा. आठवड्यातून दोन-तीन दिवस तो येतच नाही. आला की पहिले दोन तास बाकावर डोकं टेकून झोपतो. पहाटे मामाबरोबर बाजारात माल उतरवायला जातो, असं मुलं सांगतात. दोनदा त्याने दुसऱ्यांचे डबे खाल्ले. एकदा एकाची कंपासपेटी त्याच्या दप्तरात सापडली. गेल्या महिन्यात एका मुलीचे सहलीचे पैसे गेले, तेही त्यानेच घेतले होते. विचारल्यावर कबूल केलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं आहे, एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, दाखला देऊन मोकळं व्हा. मुख्याध्यापिका सिस्टर मात्र म्हणतात, ‘वर्गशिक्षिका तुम्ही आहात, तुमचं मत लिहून द्या, तसं करू.’ महिनाअखेरपर्यंत द्यायचं आहे. मला त्याची दया येते, पण बाकीच्या ४१ मुलांवर अन्याय होतोय असंही वाटतं. शिवाय मी ख्रिस्ती नाही. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभी राहते. क्षमा वगैरे त्यांच्या धर्मात असेल, ती मी का म्हणून करायची, असंही मनात येतं. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या एका शाळेतून बोलावणं आलं आहे, पगार जवळजवळ दीडपट. जाऊ का?”

बाई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. मुलाला ठेवून घ्या, असं मत द्या. पण त्या कागदावर तेवढंच लिहू नका. ठेवून घ्यायचं तर शाळेने काय करायचं, कोणी करायचं आणि केव्हापर्यंत, हेही लिहा. तेवढं करायची शाळेची तयारी नसेल तर त्या ठेवून घेण्याला काही अर्थ राहणार नाही. मुलगा आहे तसाच राहील आणि पैसे गेलेल्या मुलीलाही कळून चुकेल की आपल्याकडे बघायला कुणी नाही.

स्टाफरूममधल्या तुमच्या सहकाऱ्यांवर माझा राग नाही. ४२ मुलांचा वर्ग सांभाळून थकलेल्या माणसाला एक मूल कमी झालं तर हायसं वाटणारच. पण तुम्ही ज्या प्रकारच्या शाळेत आहात ती मुळात कशासाठी निघाली, हे त्यांना एकदा आठवून द्यायला हवं. १५९७ मध्ये जोसेफ कालासान्झ या पाद्रींनी रोममध्ये त्रास्तेवेरे या गरीब भागातल्या सांता दोरोतेआ चर्चच्या आवारात फुकट शाळा सुरू केली. ज्यांचे आईबाप काहीही देऊ शकत नव्हते, त्याच मुलांसाठी. १८४१ मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात तरुण धर्मगुरू डॉन बॉस्को मिसाची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, तयारी करत होते. चर्चच्या सेवकाने एका गवंडीकाम करणाऱ्या पोराला, मिसाला मदत करता येत नाही म्हणून, काठीने मारून हाकललं. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावलं. लिहिता येतं का, वाचता येतं का, प्रार्थना येते का, प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर. शेवटी त्यांनी विचारलं, शीळ घालता येते का? तेव्हा तो पोरगा हसला. त्यांनी स्थापन केलेल्या सेल्सियन धर्मसंघाच्या परंपरेत त्यांच्या सगळ्या कामाची सुरुवात याच प्रसंगापासून मानतात. १९५५ मध्ये व्हेनेझुएलाच्या काराकासमध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे फादर होसे मारिया वेलास वस्तीतल्या मुलांसाठी जागा शोधत होते, तेव्हा आब्राहाम रेयेस नावाच्या गवंड्याने स्वतः बांधलेल्या घरातली जागा त्यांना देऊन टाकली. पहिली मुलं तिथे जमिनीवर बसून शिकली. त्यातून उभं राहिलेलं ‘फे इ अलेग्रिया’ हे शाळांचं जाळं आज अनेक देशांत पसरलेलं आहे.

यातल्या एकाही ठिकाणी आधी शिस्त लागलेली, पोट भरलेली, वेळेवर येणारी मुलं मिळाली आणि मग शाळा निघाली, असं झालेलं नाही. तुमच्या वर्गातला तो मुलगा म्हणजे शाळेच्या वाटेत आलेली अडचण आहे, असं स्टाफरूमला वाटतंय. मला विचाराल तर शाळा त्याच्यासाठीच आहे.

इथे एक कडू गोष्ट बोलून घेते, कारण गरिबांसाठी चालणाऱ्या शाळांबद्दल ती सहसा कुणी बोलत नाही. आमचा शेवटच्या इयत्तेचा निकाल अमुक टक्के, असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. पण पहिलीत बसलेल्यांपैकी किती मुलं त्या शेवटच्या इयत्तेपर्यंत पोचली, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मधल्या वर्षांत दहा-पंधरा मुलांना दाखले दिले, कुणाला दोनदा नापास करून पालकांना कंटाळा आणला, की निकाल आपोआप चांगला लागतो. अशी शाळा गरिबांची म्हणवते, पण गरिबांतलीही त्यातल्या त्यात सोपी मुलं तेवढी ठेवते. तुमच्या शाळेचं जनरल रजिस्टर काढा आणि गेल्या सहा-सात वर्षांत कोण गेलं, कोणत्या इयत्तेतून गेलं, दाखल्यावर कारण काय लिहिलं, ते बघा. ‘पालकांच्या विनंतीवरून’ हे शब्द वारंवार दिसले तर त्या विनंत्या कुणी करायला लावल्या, हे सिस्टरांना विचारायला कचरू नका.

व्हॅटिकनच्या शिक्षणविषयक विभागाने १९७७ मध्ये कॅथलिक शाळांवर एक दस्तऐवज काढला होता. शिक्षणसेवा सर्वांत आधी गरिबांना, कुटुंबाचा आधार नसलेल्यांना आणि श्रद्धेपासून दूर असलेल्यांना मिळावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. केवळ सधनांकडे वळलेली कॅथलिक शाळा अन्याय्य समाजव्यवस्थाच टिकवायला हातभार लावेल, असा इशाराही त्यात आहे. तेव्हा स्टाफरूममध्ये कुणी म्हणालंच की ही ख्रिस्ती शाळा आहे, सुधारगृह नव्हे, तर हे सांगता येईल.

आता त्या मुलाकडे वळते.

हजेरीपट उघडा. तो किती दिवस आला नाही हे तुम्हाला माहीत आहेच, कोणते दिवस आला नाही ते बघा. तो सोमवार आणि गुरुवारी गैरहजर असेल तर त्या दिवशी बाजारात माल येतो का, याची चौकशी करा. महिन्याच्या शेवटी शेवटी दांड्या वाढत असतील तर घरातले पैसे तेव्हा संपत असतील. सलग चार-पाच दिवस गायब होत असेल तर घरात आजारपण आहे का, किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणी नाही का, ते पाहा. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये जाँ-बातिस्त द ला साल यांनी गरीब मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हाही हाच प्रश्न होता. त्यांनी आपल्या शिक्षकांबरोबर शाळा चालवण्याची एक मार्गदर्शिका तयार केली. १७०६ च्या हस्तलिखितात आणि १७२० च्या छापील प्रतीत गैरहजेरीवर एक आख्खं प्रकरण आहे. मूल का येत नाही, याची कारणं त्यात वेगवेगळी केली आहेत. काही कारणं मुलाच्या स्वभावात, काही घरात, कारण गरीब आईबापांना स्वतःला शाळा मिळालेली नसते आणि मुलाच्या कमाईची गरज असते. आणि काही कारणं थेट शिक्षकाची: मुलाला तो आपला वाटत नाही, वर्गात त्याला काही समजत नाही, म्हणून ते येत नाही. प्रत्येक कारणावर उपाय वेगळा सांगितला आहे. एवढ्या जुन्या काळी एका धर्मगुरूने गैरहजेरीला पाप न ठरवता तिची कारणं शोधत बसावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग त्याच्या घरी जा. एकट्या नाही, कुणाला तरी सोबत घेऊन, आणि आई घरी असेल त्या वेळी. तुमच्या सोयीची दुपार बहुधा तिच्या कामाची वेळ असेल. वस्तीतल्या भिंती पातळ असतात, दारात बोललेलं चार घरांत ऐकू जातं. म्हणून पहिल्या भेटीत चोरीचा शब्दही काढू नका. तो झोपतो का, कुठे झोपतो, किती वाजता उठतो, सकाळी काय खातो, घरात कमावणारे किती, मामाकडे जाणं कधीपासून सुरू झालं, एवढंच विचारा. हिशेबाची वही घेऊन बसू नका. आणि त्याच्यातली एखादी चांगली गोष्ट तिला सांगूनच या. ती खरी असली पाहिजे. सापडत नसेल तर जाण्याआधी चार दिवस त्याच्यावर नीट लक्ष ठेवा, सापडेल. अशा आयांना शाळेतून बोलावणं येतं ते फक्त तक्रारीसाठी. ज्या बाईंनी आपल्या मुलाबद्दल एक चांगला शब्द आधी सांगितला, त्यांचं पुढचं बोलणं ती ऐकून घेते.

या घरभेटीला मी इतकं महत्त्व का देते ते सांगते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९८० च्या दशकात सरकारी, खासगी आणि कॅथलिक माध्यमिक शाळांची तुलना केली. कॅथलिक शाळांतून मधेच शाळा सोडणाऱ्या मुलांचं प्रमाण त्यांना बरंच कमी दिसलं. त्याचं श्रेय त्यांनी अभ्यासक्रमाला किंवा इमारतीला दिलं नाही. मुलाभोवतालची मोठी माणसं, शिक्षक, पालक, शेजारी, चर्चमधले लोक, एकमेकांना ओळखत असतात, त्यामुळे मूल कुणाच्या तरी नजरेत राहतं, असं त्यांनी मांडलं. यावर पुढे पुष्कळ वाद झाला. जे पालक धडपडून अशी शाळा निवडतात त्यांची मुलं तशीही टिकली असती, असा आक्षेप होता आणि त्यात तथ्य आहे. पण मोठ्यांची आपसातली ओळख मुलाला धरून ठेवते, हे मला पूर्ण पटतं. सध्या तुमच्या त्या मुलाच्या बाबतीत शाळा मामाला ओळखत नाही, आई तुम्हाला ओळखत नाही, आणि तो या दोन जगांच्या मधल्या फटीतून रोज निसटतो आहे.

डब्यांची गोष्ट चोरीच्या यादीतून काढून टाका. पहाटे उठून माल उतरवलेलं बारा वर्षांचं मूल दहा वाजता दुसऱ्याचा डबा उघडतं, ते भुकेपोटी. इथे शिकवणीची नाही, खाण्याची सोय लागेल. ला सालच्या शाळांत मुलं सकाळचं आणि दुपारचं खाणं वर्गातच, शिक्षकांसमोर खात. जास्तीचा पाव एका टोपलीत जमा होई आणि ज्यांच्याकडे काही नसे त्यांना तो वाटला जाई. तुम्हीही काहीतरी कायमची व्यवस्था लावा. सकाळी शाळेत आल्या आल्या, ज्याला हवं त्याला, कारण न विचारता काहीतरी पोटात घालायला मिळालं पाहिजे. त्याला एकट्याला बोलावून देऊ नका, नाहीतर तो घ्यायला येणार नाही. सगळ्यांसाठी खुलं ठेवा. खर्चाचं सिस्टरांना सांगा. मिशन शाळेला देणगी देणारी माणसं इमारतीच्या कोनशिलेसाठी पैसे देतात तशी न्याहारीसाठीही देतात, फक्त कुणीतरी मागायला हवं.

आणि झोपेचं. तो बाकावर झोपतो तेव्हा त्याला उभं करून तुमच्या हाती काय लागतं? डोळे उघडे राहतील, पण डोक्यात काहीच शिरणार नाही. मामाशी बोलणं होऊन पहाटेचं काम बंद होईपर्यंत त्याला आजारी मुलांच्या खोलीत, तशी खोली नसेल तर ऑफिसच्या बाकावर, अर्धा तास रीतसर झोपू द्या आणि मग उठवून वर्गात आणा. बाकीची मुलं विचारतील. त्यांना सांगा की तो पहाटेपासून काम करून आला आहे. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना याचा अर्थ तुमच्याआधी कळेल.

कंपासपेटी आणि सहलीचे पैसे ही मात्र चोरीच. तिला भूक म्हणून चालणार नाही आणि मी तसं म्हणणारही नाही. पण एक सांगा, सहलीचे पैसे वर्गात, दप्तरात, दिवसभर कसे राहिले? डॉन बॉस्कोंनी १८७७ मध्ये आपल्या शिक्षणपद्धतीवर एक छोटा निबंध लिहिला. मुलाने चूक केल्यावर शिक्षा करायची, ही एक पद्धत. चूक होण्याची वेळच येऊ नये अशा रीतीने मोठ्यांनी मुलांमध्ये वावरायचं, ही दुसरी. त्यांनी दुसरी निवडली आणि तिचे आधार म्हणून विवेक, धर्म आणि ममता या तीन गोष्टी सांगितल्या. मार त्यांना मान्य नव्हता. तुमच्या शाळेत याचा अगदी साधा अर्थ असा की पैसे ऑफिसच्या खिडकीवर, शाळा भरण्याआधी, पालकांकडून किंवा मुलाकडून घेऊन लगेच पावती द्यायची. गरीब वर्गात नोटा दप्तरांत फिरत ठेवणं ही मोठ्यांची हयगय आहे, आणि तिची सगळी शिक्षा बारा वर्षांच्या मुलाने भोगू नये.

त्या मुलीचे पैसे शाळेने आधी भरावेत, आजच्या आज. मुलाकडून वसूल होतील तेव्हा होतील. ४१ मुलांवरच्या अन्यायाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यातला सर्वांत खरा अन्याय हाच आहे की त्या मुलीच्या आईने काटकसर करून दिलेले पैसे गेले आणि महिना उलटूनही कुणी भरून दिले नाहीत. ती सहलीला गेली पाहिजे. तुमच्या लांबलचक पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे. तिच्याशीही बोला.

मुलाशी एकट्याने बोला. वर्गासमोर नाही. तो कबूल झाला आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे. कबूल करणाऱ्या मुलाला खोटं बोलणाऱ्याइतकीच शिक्षा झाली तर पुढच्या वेळी तो कबूल होणार नाही. पैसे कशाला घेतलेस, ते विचारा आणि गप्प बसून ऐका. उत्तर खाणं असेल, घरी देणं असेल, मोठ्या मुलांच्या टोळीला देणं असेल, किंवा नुसतं सहलीला जायचं असेल. हे शेवटचं कारण नीट तपासा. कदाचित तोही सहलीच्या यादीत नव्हता. भरपाई करायला लावा, पण कामाच्या रूपात, त्याला झेपेल अशी. ग्रंथालयातली पुस्तकं लावणं, लहान वर्गाला मैदानावर नेणं. संडास धुणं किंवा सगळ्यांसमोर झाडणं नको. त्याने अपमान होईल, भरपाई होणार नाही. झडती घेणं बंद करा. कुणाचं काही हरवलं की सगळ्यांनी आधी त्याच्याकडे बघायचं, हे तर ताबडतोब थांबवा. त्याची खरी सत्त्वपरीक्षा त्यानंतर सुरू होते आणि त्यात तुम्ही त्याच्या बाजूने उभ्या आहात, हे त्याला दिसलं पाहिजे.

अभ्यासात तो इतका मागे पडला असेल की वर्गात बसणं त्याला शिक्षाच वाटत असेल. कोलकात्याच्या सियालदा भागातल्या लोरेटो शाळेत सिस्टर सिरिल मूनी १९७९ पासून मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी हळूहळू शाळेतल्या जवळजवळ निम्म्या जागा गरीब मुलींसाठी ठेवल्या आणि शाळेचा दरवाजा फुटपाथवरच्या मुलांनाही उघडला. ती मुलं जमेल तेव्हा येत आणि शाळेतल्याच विद्यार्थिनी, शाळेच्या वेळापत्रकातच, त्यांना एकेकीने शिकवत. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातलं मला सर्वांत आवडतं ते हे की शिकवणाऱ्या मुलींचं नुकसान झालं असं कुणी म्हणू शकलं नाही. दुसऱ्याला समजावताना त्यांचंही पक्कं होत गेलं. तुमच्या शाळेतला नववीचा एखादा समजूतदार विद्यार्थी दररोज अर्धा तास या मुलाजवळ बसू शकेल. बसण्याची जागा मात्र उघडी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. प्रेमाने सांभाळणं हे शब्द गरीब मुलांच्या बाबतीत फार भयंकर गोष्टी झाकायलाही वापरले गेले आहेत. आयर्लंडमध्ये कॅथलिक धर्मसंघांनी चालवलेल्या वसतिशाळांत गरीब घरांतल्या मुलांवर दशकानुदशकं मारहाण आणि लैंगिक अत्याचार झाले. २००९ मध्ये आलेल्या रायन आयोगाच्या अहवालात ते सगळं नोंदलेलं आहे. ज्यांच्या आईबापांना दाद मागता येत नाही, त्यांच्याच वाट्याला ते आलं. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू आणि व्रतस्थांना अशा अत्याचाराची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना देणं बंधनकारक केलं. पण नियम कागदावर राहू शकतो. तुमच्या शाळेत मुलाने तक्रार कुणाकडे करायची, हे लिहून भिंतीवर लावलेलं आहे का? ते नाव मुलांना माहीत आहे का? मुलाशी एकट्याने बोलायची खोली काचेच्या दाराची आहे का? नसेल तर हे सिस्टरांना सांगा. चांगल्या सिस्टर याचं वाईट वाटून घेणार नाहीत.

कधी ठेवून घेऊ नये, हेही विचारायला हवं, कारण तुमच्या मनात ते आहे. तो दुसऱ्या मुलांना इजा करत असेल, हत्यार आणत असेल, लहानांना धमकावून पैसे काढत असेल, नशेचं काही विकत असेल, तर बाकीच्यांची सुरक्षितता आधी. अशा वेळी त्याला त्या वर्गातून बाजूला करावंच लागेल. पण तरीही दाखला हातावर टेकवून फाटक लावायचं नाही. दुसरी शाळा किंवा संस्था शाळेने स्वतः शोधायची, तिथे प्रवेश पक्का करायचा, कुणीतरी त्याला घेऊन जायचं आणि महिन्याभराने तो तिथे टिकला का ते बघून यायचं. नाहीतर दाखल्याचा कागद घरातल्या पत्र्याच्या पेटीत पडून राहतो आणि मुलगा कायमचा बाजारात जातो. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या वर्गातला हा मुलगा या प्रकारात कुठेच बसत नाही.

तुमच्या धर्माबद्दलचा प्रश्न मला सोपा वाटतो. चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, १९८३ च्या संहितेच्या ७४८ व्या कलमात, कुणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येणार नाही, असं लिहिलेलं आहे. तुम्ही प्रार्थनेत आदराने गप्प उभ्या राहता, तेवढं पुरेसं आहे. कुणी त्याहून जास्त मागत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. आणि क्षमा ही काही एका धर्माची मालमत्ता नाही. शिवाय इथे मी तुम्हाला क्षमा करा असं म्हणतच नाही. मी तुम्हाला हजेरीपट बघायला, घरी जायला, पैसे भरून द्यायला आणि मुलाकडून भरपाई करून घ्यायला सांगते आहे. हे शिक्षिकेचं काम आहे.

उरला पगार. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ज्या वाचकांना ‘सेवा करणाऱ्याने पैशांचा विचार करू नये’ असं वाटतं, त्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. अशा शाळा स्वस्तात चालत आल्या त्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींच्या जिवावर. व्रत घेतलेल्या माणसांना पगार जवळजवळ नसेच. ती माणसं आता कमी झाली. अमेरिकेत १९६५ च्या सुमारास जवळजवळ १,८०,००० कॅथलिक सिस्टर होत्या. आज त्याच्या चौथा हिस्साही उरलेल्या नाहीत. त्याच काळात तिथल्या कॅथलिक शाळांतली मुलं पन्नास लाखांवरून वीस लाखांच्याही खाली आली. बंद पडलेल्या शाळांत शहरांमधल्या गरीब भागांतल्या शाळा पुष्कळ होत्या. त्यावर उत्तर म्हणून शिकागोत १९९६ मध्ये जेझुइटांनी क्रिस्तो रेय नावाची शाळा काढली. तिथली मुलं महिन्यातले साधारण पाच दिवस एखाद्या कार्यालयात काम करतात आणि त्या कामाचे पैसे त्यांच्या फीला जातात. प्रत्येक ठिकाणी हे जमेल असं नाही, पण पैशांचा प्रश्न उघडपणे मांडूनच तो मार्ग निघाला, शिक्षकांच्या त्यागावर सोडून दिला नाही. ज्या बाईंना स्वतःच्या घराचं भाडं भरताना ओढाताण होते, त्या दुसऱ्याच्या मुलाच्या न्याहारीचा विचार फार दिवस करू शकत नाहीत.

तेव्हा सिस्टरांकडे दोन वेगळे कागद घेऊन जा. एकावर मुलाबद्दलचं मत: या सत्राच्या शेवटपर्यंत ठेवायचा, घरभेट कधी, न्याहारी कधीपासून, मामाशी कोण बोलणार, सोबतीचा विद्यार्थी कोण, पैसे घेण्याची पद्धत कशी बदलायची, आणि सत्र संपताना पुन्हा बसायचं. दुसऱ्यावर तुमच्याबद्दल: किती पगार असेल तर मी राहू शकेन, वर्गात ४२ ऐवजी किती मुलं असावीत, मदतीला कोण मिळेल. त्यांना दोन्हींचं उत्तर देता आलं नाही आणि तुम्ही गेलात, तर मी तुम्हाला दोष देणार नाही. फक्त जाण्याआधी त्या मुलाची आणि त्याच्या आईची पुढच्या वर्गशिक्षिकेशी समोरासमोर ओळख करून द्या, आणि घरभेटीत कळलेलं सगळं त्यांना लिहून द्या.

दुसऱ्या शाळेकडे उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंतची मुदत मागून घ्या. चांगली शाळा एवढं थांबते. काय ठरलं ते मला कळवा, आणि त्या मुलीची सहल झाली का, तेही.